विसणाचा हिशेब

पौष महिन्यात हाती पडणारे विजेचे बिल हे मध्यमवर्गीय गृहस्थाला दरवर्षी नव्याने कोड्यात टाकणारे कागदपत्र आहे. दिवाळी उलटून महिना होतो न होतो तोच घरातील पंखे थांबलेले असतात, वैशाखभर घरघरणारा कूलर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलेला असतो, ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांनी त्याच्या तोंडावर जुन्या चादरीचा बुरखा चढवलेला असतो, आणि एवढी सगळी मंडळी रजेवर गेलेली असताना बिलातला आकडा मात्र खाली उतरण्याऐवजी दोन पायऱ्या वर चढून बसलेला दिसतो. मग मीटर पळतो आहे अशी शंका निघते, वाचन घेणाऱ्याच्या इमानाविषयी कुजबुज होते, क्वचित वीज कार्यालयात लेखी तक्रारही गुदरली जाते. तथापि या साऱ्या चौकशीत ज्याची जबानी सर्वांत आधी घ्यायची तो आरोपी न्हाणीघराच्या छताशी, लाल दिव्याचा टिळा लावून, निर्विकार मुद्रेने टांगलेला असतो, आणि त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही.

वस्तुतः आपल्याकडच्या हिवाळ्याचे स्वरूपच असे आहे की, त्याचा खर्च घराच्या भिंतींत नव्हे तर न्हाणीत शोधावा लागतो. काश्मीरात एका खोलीच्या फरशीखाली लाकडे पेटवून ती अख्खी खोली उबदार राखणारा हमाम असतो; इंग्लंडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात वर्षातील कित्येक महिने घराच्या हवेलाच ऊब पुरवावी लागते, आणि तो खर्च इतका भारी की, यंत्राचा काटा एक अंश खाली आणावा की अंगावर आणखी एक स्वेटर चढवावा यावर कुटुंबांत मसलती झडतात. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लेकी-सुनांच्या फोनवरून त्या मसलतींच्या हकिकती इकडे येतात, आणि रविवारच्या पुरवण्यांतून तिकडच्या युक्त्यांची भाषांतरेही छापून येतात. खिडक्यांच्या फटी बुजवा, छपराखाली जाड अस्तर अंथरा, दिवाणखाना अठरा अंशांवर ठेवा, असा उपदेश ज्या वाचकाला केला जातो, त्याच्या घराच्या खिडक्या बसवल्या दिवसापासून कधी पुरत्या मिटलेल्या नसतात, आणि त्याच्या दिवाणखान्यात भर पौषात दुपारी डोक्यावरचा पंखा लावावा की काय असा विचार चाललेला असतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आपण चवीने वाचतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले म्हणजे त्याची छायाचित्रे पाहतो; पण पुण्यासारख्या शहरात जानेवारीची पहाट सरासरीने ११-१२ अंशांची असली, तरी त्याच दिवसाची दुपार तिसाच्या आसपास पोहोचलेली असते. अशा हवेत घर तापवण्याचा प्रश्न पहाटेच्या दोन-तीन तासांपुरता. पाणी तापवण्याचा मात्र रोजचा, माणशी, आणि कोणालाही न चुकणारा.

या प्रश्नाचा हिशेब शाळेत पाठ केलेल्या एका व्याख्येवर उभा आहे आणि तो करायला पदवी लागत नाही. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेच्या एका युनिटात अशा ८६० किलोकॅलरी असतात. थंडीत नळाचे पाणी १८ अंशांचे धरले आणि अंगाला सुखावणारे पाणी ४० अंशांचे, तर अंतर २२ अंशांचे. २० लिटरची बादली घेतली की ४४० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटाहून केसभर अधिक. ‘एक बादली, अर्धे युनिट’ हे कोष्टक न्हाणीघराच्या दारावर खडूने लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे. पाच माणसांच्या कुटुंबात माणशी एक बादली धरली, तरी दिवसाला अडीच आणि महिन्याला ७५ युनिटे केवळ स्नानात खर्ची पडतात. ९ वॉटचा आजचा एलईडी दिवा एका बादलीच्या विजेवर पन्नासहून अधिक तास जळतो. म्हणजे मुलाने अभ्यासाच्या खोलीतला दिवा तासभर विझवला नाही म्हणून त्याच्यावर करवादणारे वडील स्वतः एक बादली जास्तीची ओतून घेतात, तेव्हा तो दिवा दोन दिवस आणि दोन रात्री जळण्याइतकी वीज मोरीतून वाहून गेलेली असते.

याला दराच्या पायऱ्यांची आणखी एक मेख आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेला पहिल्या १०० युनिटांपर्यंत एक दर, तेथून ३०० पर्यंत त्याहून बराच चढा, आणि पुढे ५०० पर्यंत व त्यावर आणखी चढे दर असा शिरस्ता आहे. ज्या घरात फ्रिज, दिवे, दूरचित्रवाणी आणि गिरणी-मिक्सर यांतच शंभर युनिटे संपतात, तेथे गिझरची ही पाऊणशे युनिटे पायाशी न बसता ढिगाच्या माथ्यावर जाऊन बसतात आणि वरच्या दराने मोजली जातात. म्हणून हिवाळ्यात वाचलेले युनिट हे सरासरी दराचे नसते. ते घरातील सर्वांत महाग युनिट असते. बिलावरील एकूण रकमेला युनिटांनी भागून ‘एका बादलीने असे किती वाचणार’ म्हणणारे लोक या ठिकाणी फसतात.

माझे लहानपण साताऱ्यातल्या एका वाड्यात गेले, तेथे या जमाखर्चाची वही कोणी ठेवीत नसे, कारण तो जमाखर्च डोळ्यांसमोर पेटलेला असे. न्हाणीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब उभा असे: मधोमध नळी, नळीत विस्तव, खाली राख पडण्याची जाळी, नळीभोवती पाणी, आणि पोटाशी पितळी तोटी. त्यात वखारीतून आणलेला भुसा, नारळाच्या करवंट्या आणि सोडणे, परसातील काटक्या, गोवरीचा एखादा तुकडा, असे जे मिळेल ते जाई. नियम असा होता की, ज्याने तोटीतून दोन तपेल्या कढत पाणी घेतले, त्याने तेवढेच गार पाणी वरून ओतायचे आणि पेटत्या नळीत एक करवंटी टाकायची. हे न करता निघून जाणाऱ्याची गुन्हेगारी पुढच्या माणसाच्या अंगावर प्रत्यक्ष शहारे आणून सिद्ध होत असे, त्यामुळे रुजुवातीला वेगळे साक्षीदार लागत नसत. घंगाळात कढत पाणी पडले की आतून आरोळी येई, ‘विसण आणा!’ आणि कोणीतरी पोर गार पाण्याची कळशी घेऊन धावत जाई. विसण हा शब्द आता शहरात मी ज्यांच्यापुढे उच्चारतो त्यांतील निम्म्यांना समजत नाही. कढत पाणी अंगावर घेण्याजोगे करण्यासाठी त्यात घालायचे ते गार पाणी म्हणजे विसण. ते किती घालायचे याचा अंदाज ज्याच्या हाताला होता, त्याला उष्णता म्हणजे काय हे भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी शिकवण्यापूर्वीच ठाऊक झालेले असे.

हे लिहिताना त्या बंबाची आरती ओवाळण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पहाटे पाचला उठून, ओल्या भुशाशी झगडत, फुंकणीने डोळ्यांत धूर भरून घेणारी व्यक्ती घरातील कर्ती बाईच असे, आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी चिंचेने घासून लखलखीत केलेल्या बंबाला हार घालताना त्या धुराची आठवण कोणालाच नसे. बंबाच्या नळीतून बरीचशी उष्णता धुराबरोबर कौलांवर निघून जाई, हेही कबूल केले पाहिजे. आमचा बंब पुढे मोडीत गेला, तांब्याच्या भावाने त्याचे बरे पैसे आले आणि त्याच पैशांत पहिला गिझर घरी आला. तो दिवस आईच्या आयुष्यातील थोड्या निखालस सुखाच्या दिवसांपैकी एक होता. बंब गेला याचे दुःख नाही. बंबाबरोबर जे माप गेले, त्याचे आहे.

कारण गिझरने केलेला खरा बदल इंधनाचा नव्हे, मापाचा आहे, आणि त्या मापावर अखेरचा घाव घातला तो डोक्यावरच्या फवाऱ्याने. घंगाळाला काठ असतो, बादलीला काठ असतो. फवाऱ्याला तो नसतो. साध्या फवाऱ्यातून मिनिटाला दहा लिटर पाणी सहज पडते. आठ मिनिटे त्याखाली उभे राहून, उद्याच्या कामांची यादी मनात घोळवीत, पाठीवर ऊन धार घेणाऱ्या मनुष्याने ८० लिटर पाणी, म्हणजे चार बादल्या, म्हणजे दोन युनिटे खर्च केलेली असतात, आणि तो बाहेर येऊन प्रामाणिकपणे सांगतो की, ‘मी काय, पाच मिनिटांत आटोपतो.’ तो खोटे बोलत नाही. त्याच्यापाशी मोजायला काही राहिलेले नाही.

गिझरविषयी घराघरांत जे वाद चालतात, ते या मुद्द्याला बगल देऊन भलत्याच ठिकाणी रंगतात. एक पक्ष म्हणतो की, गिझर दिवसभर चालू ठेवला तर पाणी तापलेलेच राहते आणि वीज कमी लागते. दुसरा पक्ष म्हणतो की, चुकून रात्रभर चालू राहिला तर बिलाचा डोंगर होतो. दोघेही चुकतात. तापलेल्या टाकीतून उष्णता सतत पाझरत असते, ती भरून काढायला यंत्र अधूनमधून वीज घेत राहते, म्हणून बंद ठेवणे केव्हाही किफायतीचेच. परंतु हा पाझर जुन्या, पातळ अस्तराच्या टाकीत चोवीस तासांना सुमारे एक युनिट आणि चांगल्या तारांकित टाकीत त्याहून बराच कमी असतो. म्हणजे रात्रभर राहिलेल्या गिझरवरून जो गहजब होतो, त्याच्या दुप्पट-चौपट वीज रोज सकाळी फवाऱ्याखाली राजरोस वाहते आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. तिसरी एक समजूत विसणाविषयी आहे: पाणी कढत करून मग त्यात गार मिसळणे म्हणजे तापवलेली वीज पुन्हा विझवणे होय, असे काही सुशिक्षित लोकही सांगतात. तेही खरे नव्हे. दहा लिटर पाणी ६२ अंशांना नेऊन त्यात १८ अंशांचे दहा लिटर विसण घातले काय, किंवा वीस लिटर थेट ४० अंशांना आणले काय, उष्णता तेवढीच लागते. विसण निर्दोष आहे. फरक पडतो तो एवढाच की, टाकी जितकी अधिक कढत तितका तिचा पाझर अधिक, म्हणून तापमानाचा काटा साठाच्या वर नेण्यात शहाणपण नाही. आणि फार खालीही नेऊ नये, कारण कोमट पाणी टाकीत दिवसचे दिवस साठवून ठेवणे आरोग्याला चांगले नाही. पन्नास ते साठ यांच्या दरम्यान काटा ठेवावा, आणि न्हाणीघरात शिरण्याच्या वीस मिनिटे आधी कळ दाबावी. १५ लिटरच्या टाकीला २००० वॉटच्या तापकाने १८ वरून ५८ अंशांवर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि त्या एका टाकीत विसण घालून सव्वा बादलीहून थोडे अधिक पाणी होते.

हा हिशेब नव्या गिझरचा झाला. जुन्याचा पाहायचा असेल तर तो उघडावा लागतो, आणि मी तो मागच्या मार्गशीर्षात उघडवला. आलेल्या कारागिराने खालची चकती सोडवून तापकाची कांडी बाहेर ओढली, तेव्हा ती तांब्याची आहे हे कोणी सांगूनही पटले नसते: सर्वांगावर पांढरट, खडबडीत, मुळ्याच्या जाडीचे कवच चढलेले, आणि टाकीच्या तळातून अंड्याच्या टरफलांसारखे खपले ओंजळभर निघाले. आमच्याकडे नळाच्या पाण्याला बोअरच्या पाण्याची जोड आहे, उन्हाळ्यात टँकरही येतात. त्या पाण्यातील क्षार तापताच वेगळे होतात आणि तापकावरच घर करतात. उष्णतेला मग त्या दगडी अंगरख्यातून वाट काढावी लागते, पाणी तापायला वेळ लागतो, आणि आतल्या आत भाजून निघालेली कांडी एक दिवस तडकते. कारागीर म्हणाला, ‘काका, दर दोन वर्षांनी हिला आंघोळ घाला, मग ती तुम्हाला घालील.’ एवढ्या एका वाक्यासाठी त्याची मजुरी वसूल झाली असे मी मानतो.

आता या विजेच्या कुळाकडे पाहू. आपल्या राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी अशा ठिकाणी दगडी कोळसा जाळून निर्माण होते. एकट्या चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेथे कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने चक्र फिरवायचे, चक्राने वीज काढायची, आणि या खटाटोपात कोळशातील उष्णतेचा जेमतेम एक-तृतीयांश भाग विजेच्या रूपाने हाती यायचा; उरलेला भाग शीतन-मनोऱ्यांतून आणि धुराड्यांतून आकाशाला अर्पण व्हायचा. मग ती वीज तारांवरून शेकडो किलोमीटर आणायची, वाटेत आणखी थोडी गमवायची, आणि शेवटी तिचे काय करायचे, तर पुन्हा पाणी तापवायचे! चंद्रपुरात तापवलेल्या पाण्यापासून पुण्यात तापवलेल्या पाण्यापर्यंतचा हा द्राविडी प्राणायाम एका बादलीमागे तीनशे-चारशे ग्रॅम कोळसा खातो. विजेने दिवा लावणे, चक्की फिरवणे, यंत्र चालवणे हे तिच्या योग्यतेचे काम आहे. चाळीस अंशांच्या पाण्यासाठी तिला राबवणे म्हणजे दप्तरातील मुख्य कारकुनाला पाणी भरायला लावण्यासारखे आहे. अलीकडे हॉटेलांतून आणि इस्पितळांतून ‘हीट पंप’ नावाचे यंत्र येऊ लागले आहे, ते एका युनिटाच्या मोबदल्यात हवेतील उष्णता ओढून सुमारे तीन युनिटांइतकी ऊब पाण्यात सोडते, म्हणजे चंद्रपुरात हरवलेले दोन भाग जणू परत मिळवून देते. परंतु त्याची किंमत अद्याप सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

आवाक्यातील मार्ग मात्र डोक्यावरच आहे, आणि तो आपल्या हिवाळ्याच्या प्रकृतीशी जसा जुळतो तसा फार थोड्या देशांच्या हिवाळ्याशी जुळत असेल. आपल्याकडे थंडी पडते ती ढगांनी नव्हे, ढगांच्या अभावाने. मार्गशीर्ष-पौषात आकाश निरभ्र असते, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकते, आणि पहाटे आपण कुडकुडतो. पण ज्या निरभ्रतेने रात्री हा गारठा दिला, तीच दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड ऊन देते. विलायतेत सूर्याची सर्वांत अधिक गरज असते तेव्हाच तो दडून बसतो. आपल्याकडे तो रोग आणि औषध एकाच हाताने देतो. काळ्या लेपाची तांब्याची पत्रे काचेखाली ठेवून, किंवा निर्वात काचनळ्यांतून, पाणी तापवणारे सौर तापक या उन्हावर विनातक्रार चालतात. १०० लिटर पाण्याला सुमारे दोन चौरस मीटर पृष्ठभाग पुरतो, आणि ते १०० लिटर २५ अंशांनी वर नेणे म्हणजे जवळजवळ तीन युनिटे. हल्ली गच्चीवर वीज निर्माण करणाऱ्या सौर पट्ट्यांचा बोलबाला आहे आणि त्यांना सरकारी अनुदानही आहे. ते योग्यच आहे. पण तेवढ्याच दोन चौरस मीटरच्या पट्ट्यांतून दिवसाला एक-दीड युनिटच मिळते. ज्या घराला पाणी तापवायचे आहे, त्याने आधी उन्हाचे पाणी करावे, आणि उरलेल्या गच्चीत उन्हाची वीज करावी, हा क्रम उलटा करण्यात कोणाचे हित आहे हे मला उमगलेले नाही.

‘मग अडचण कोठे आहे?’ असे कोणी विचारील, तर त्याने एकदा आमच्या इमारतीत पहाटे सहाला यावे. सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडे. बांधणाऱ्याने भोगवटा प्रमाणपत्राच्या अटीप्रमाणे गच्चीवर सौर तापकांची रांग दक्षिणेला तोंड करून बसवली, त्यांची छायाचित्रे काढली, अर्जाला जोडली, आणि प्रमाणपत्र हाती येताच त्यांच्याशी असलेले नाते तोडले. तापक खोटे नव्हते. दुपारी टाकीला हात लावला तर चटका बसतो. पण टाकीपासून तळमजल्यापर्यंतची नळी उघडी आहे. तिच्यावर जे फेसाचे अस्तर होते ते दोन उन्हाळ्यांत भुगा झाले, आणि उरलेसुरले कबुतरांनी घरट्यांसाठी नेले. रात्रभर त्या नळीत उभे असलेले पाणी पहाटे बर्फासारखे असते. तळमजल्यावर नळ सोडला की आधी ते सारे गार पाणी, म्हणजे अर्धी-पाऊण बादली, वाहून जाते, आणि मग कोठे कोमट धार येते. यातून आमच्या इमारतीत एक विलक्षण नीतिशास्त्र निर्माण झाले आहे: जो प्रथम नळ सोडील त्याच्या वाट्याला सगळ्यांचे गार पाणी येते, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ न्हाणीघराच्या खिडकीशी कान लावून उभे असतात. डक्टमधल्या नळीत वरच्या मजल्यावरून पाणी वाहिल्याची कुरकुर ऐकू आली, ती मिनिटभर चालू राहिली, की मग ते आपला नळ सोडतात. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना हे ठाऊक असल्याने त्या मुद्दाम सव्वासहाला उठतात. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी सर्वांचाच धीर सुटतो आणि घरोघर गिझरच्या कळा दाबल्या जातात. वर सूर्याने तापवलेले शेकडो लिटर पाणी, खाली कोळशाने तापवलेले शेकडो लिटर पाणी, आणि दोघांमधून मोरीत वाहणारे गार पाणी, अशी आमची त्रिवेणी आहे.

यावरचा उपाय तज्ज्ञांच्या परिषदेने ठरवण्यासारखा गहन नाही. उभ्या नळीवर जाड अस्तर चढवावे आणि त्यावर उन्हाला व पक्ष्यांना दाद न देणारे पत्र्याचे कवच घालावे. ज्या इमारती उंच आहेत त्यांनी खालचे थंड झालेले पाणी वर परत नेणारी एक लहान नळी आणि पहाटे अर्धा तास चालणारा लहानसा पंप बसवावा. क्षारांचे थर वर्ष-दोन वर्षांनी धुऊन काढण्याचा करार करावा. पुण्यासारख्या महापालिका सौर तापक बसवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देतात, मोठ्या इमारतींना तो बसवण्याची अटही घालतात, आणि या दोन्ही गोष्टी स्तुत्य आहेत. पण सवलतीचा आणि अटीचा अंमल जोवर गच्चीच्या छायाचित्रावर संपतो, तोवर त्यातून छायाचित्रेच निर्माण होणार. महापालिकेच्या निरीक्षकाने जानेवारीतील एका सकाळी तापमापक घेऊन सर्वांत खालच्या मजल्यावरील नळाखाली एक बादली धरावी, ऊन पाणी येईपर्यंत किती लिटर वाहून गेले ते मोजावे, आणि तो आकडा सवलतीच्या कागदावर लिहावा. ज्या इमारतीत अर्धी बादली वाया जाते, तिला सवलतही अर्धीच द्यावी. हे फर्मान निघाल्यावर कबुतरांना घरट्यांसाठी दुसरीकडे तजवीज करावी लागेल, याबद्दल मी त्यांची आगाऊ क्षमा मागतो.

वीज महाग म्हणून पुष्कळ घरांनी गॅस गिझरचा आसरा घेतला आहे. त्याच्या जमाखर्चाबद्दल ज्याने त्याने आपल्या सिलिंडरच्या तारखा पाहून निर्णय घ्यावा. पण एक गोष्ट जमाखर्चाच्या पलीकडची आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला की प्राणवायू संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि स्नानाला गेलेले माणूस आतल्या आत बेशुद्ध पडते. दर थंडीत अशा बातम्या येतात. ते यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेवरच असले पाहिजे. वसतिगृहातल्या मुलांची आवडती विजेची सळईही अशीच: पाण्यात सळई असताना आणि कळ चालू असताना ऊब पाहायला बोट घालण्याची सवय एकदाच महागात पडते.

खोली तापवणाऱ्या शेगड्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २००० वॉटची ती लाल तार रोज तीन तास चालली तर महिन्याला १८० युनिटे, म्हणजे साऱ्या कुटुंबाच्या स्नानाच्या दुप्पट-अडीचपट, आणि एवढे करून जितकी ऊब आत थांबते तितकीच खिडकीच्या फटीतून बाहेर जाते. काश्मिरी मनुष्य फेरनाच्या आत कांगडी बाळगतो ती खोली तापवण्यासाठी नव्हे, स्वतःला तापवण्यासाठी. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवीत त्याही याच तत्त्वावर. दक्षिणेकडच्या खिडकीचा पडदा दुपारी सारून फरशीवर ऊन घ्यावे, सूर्य कलताच पडदा ओढून घ्यावा, आणि रात्री घोंगडी घ्यावी. मात्र घरातील वृद्धांना, बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला या काटकसरीच्या तराजूत घालू नये. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पहाटेचे गार पाणी किंवा गार खोली सोसत नाही. त्यांच्यासाठी एक बादली जास्त लागली किंवा शेगडी तासभर पेटली, तर तिची गणना खर्चात नव्हे, औषधात करावी. काटकसर करायची ती धडधाकट माणसांच्या फवाऱ्यावर.

आमच्या नळीच्या अस्तराचा विषय मी गेल्या वर्षी सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे रीतसर मांडला होता. कायद्याने ही सभा सप्टेंबर संपण्यापूर्वी घ्यावी लागते. ती झाली तेव्हा बाहेर भाद्रपदाचा पाऊस होता, आत चार पंखे फिरत होते, आणि एका सभासदाने घाम पुसत विचारले की, ऊन पाण्याची इतकी घाई आत्ताच कोणाला झाली आहे. त्यावर सर्वानुमते असे ठरले की, हा विषय थंडी सुरू झाल्यावर घ्यावा, आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. त्याप्रमाणे डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता वाहनतळात खुर्च्या मांडून विशेष सभा बोलावण्यात आली. चिटणीस, तळमजल्यावरचे ते निवृत्त गृहस्थ आणि मी असे तिघे हजर होतो. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाल्याचे चिटणिसांनी जाहीर केले आणि वही मिटली. आम्ही मफलर आवळून बसून राहिलो. डक्टमधून पाणी वाहण्याचा आवाज येऊ लागला, आधी वरच्या मजल्यावरून, मग दोन-तीन ठिकाणांहून एकदम. तेव्हा त्या निवृत्त गृहस्थांनी घड्याळ पाहिले, आम्हा दोघांची परवानगी मागितली, आणि ते आपल्या न्हाणीघराकडे जवळजवळ धावतच गेले.